बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे: रीफ टँकमध्ये कोणते हर्मिट क्रॅब ठेवावेत आणि कोणते नाही?

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सर्रास वापरतो. पण ती अगदी शब्दशः जगणारा प्राणी म्हणजे हर्मिट क्रॅब. दुसऱ्या कुणीतरी बांधलेल्या आणि रिकाम्या झालेल्या शंखात शिरायचं, तो शंख पाठीवर घेऊन फिरायचं आणि अंगाला घट्ट झाला की दुसरं घर शोधायचं, असं त्याचं आयुष्य असतं.

घरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेलं मत्स्यालय, ठेवणाऱ्यांना हे खेकडे नवे नाहीत. शेवाळ आणि उरलंसुरलं अन्न खाणारे 'सफाई कामगार' म्हणून ते विकले जातात. पण एकदा टँक स्थिरावला की हौशी लोकांना काहीतरी वेगळं हवं असतं. निळ्या पट्ट्यांचा, पाठीवर समुद्रपुष्पं वाहणारा, हरणाच्या शिंगांसारखं घर असलेला, किंवा कधीही न चालणारा हर्मिट क्रॅब! इंटरनेटवर यांचे फोटो पाहून अनेक जण भुलतात.

मात्र या खेकड्यांचं वेगळेपण अनेकदा त्यांच्या रंगापेक्षा त्यांच्या घरात असतं. ते घर किंवा त्या घरातला जोडीदार आपण टँकमध्ये देऊ शकलो नाही, तर खेकडा जगत नाही. म्हणून 'हा दिसतो कसा?' याच्या आधी 'हा राहतो कशात आणि खातो काय?' हे विचारायला हवं. याच दोन प्रश्नांच्या आधारे काही अनोख्या हर्मिट क्रॅबची ही ओळख.

हर्मिट क्रॅब म्हणजे नेमकं काय?

नावात 'क्रॅब' असलं तरी हा आपल्या कालवणातल्या चिंबोरीचा सख्खा भाऊ नाही, फार तर चुलत भाऊ. चिंबोरीचं सगळं अंग कडक कवचाखाली असतं. हर्मिट क्रॅबचा पुढचा भाग कडक असतो, पण पोट मऊ, नाजूक आणि बहुतेक प्रजातींमध्ये उजवीकडे वळलेलं असतं. बहुतांश शंखांचा पीळही उजवाच असल्यामुळे हे पोट शंखात नेमकं बसतं. शेपटीच्या टोकाला असलेल्या आकड्यांसारख्या अवयवांनी तो शंखाच्या आतला खांब पकडून ठेवतो. शेवटच्या पायांच्या दोन जोड्या आखूड असतात आणि त्यांचं काम शंख धरून ठेवण्याचं असतं. म्हणूनच त्याला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला, तर तो तुटेल पण सुटणार नाही.

जगात हर्मिट क्रॅबच्या एक हजाराहून जास्त प्रजाती आहेत. त्यातल्या जमिनीवर राहणाऱ्या प्रजाती वीसच्याही आत आहेत, बाकीच्या जवळजवळ सगळ्या समुद्रातल्या. हा फरक खरेदीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. परदेशात पाळीव प्राणी म्हणून रंगवलेल्या शंखात विकला जाणारा खेकडा जमिनीवरचा असतो. तो रीफ टँकमध्ये सोडला तर बुडून मरतो.

समुद्रातल्या हर्मिट क्रॅबच्या एका मोठ्या कुळाचं नाव आहे डायोजेनिडी. मोठ्या रांजणात राहायचा असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्या ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिसवरून ते पडलं. या कुळात बहुतेकांची डावी नांगी मोठी असते. पॅग्युरिडी या दुसऱ्या मोठ्या कुळात उजवी नांगी मोठी असते. दुकानात नाव खात्रीचं नसेल, तर ओळख पटवण्याची ही एक सोपी खूण आहे.

'रीफ सेफ' या लेबलचा अर्थ काय?

विक्रेते ज्या खेकड्यावर 'रीफ सेफ' असं लिहितात, तो प्रवाळांना धक्का लावत नाही, असा आपला समज होतो. पण हर्मिट क्रॅब हा मुळात संधिसाधू सर्वभक्षी आहे. शेवाळ असेल तर शेवाळ, मेलेला मासा असेल तर तो, आणि यातलं काहीच नसेल तर शेजारची गोगलगाय.

होतं असं की नव्या टँकमध्ये शेवाळ भरपूर असतं, म्हणून लोक एकदम पंधरा-वीस खेकडे आणून सोडतात. दोन-तीन आठवड्यांत शेवाळ संपतं. खेकडे तेवढेच राहतात आणि उपाशी पडतात. मग गोगलगायी कमी व्हायला लागतात. यात भूक असते, तसा घराचाही प्रश्न असतो. गोगलगायीचा शंख आवडला तर तिला मारून तो बळकावणं हा खेकड्यासाठी एका दगडात दोन पक्षी मारण्याचा प्रकार आहे. म्हणजे एखादा खेकडा 'रीफ सेफ' आहे की नाही, हे त्याच्या प्रजातीइतकंच टँकमध्ये अन्न आणि रिकामे शंख किती आहेत यावरही ठरतं.

घराची साखळी: एक रिकामा शंख आणि रांगेतले सगळे

मुंबईत एका कुटुंबाने मोठा फ्लॅट घेतला की त्यांची जुनी खोली दुसऱ्याला मिळते, दुसऱ्याची तिसऱ्याला. हर्मिट क्रॅबमध्ये हेच घडतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आयव्हन चेस यांनी १९८० च्या दशकात याचा अभ्यास केला. माणसांच्या घरबदलासाठी समाजशास्त्रात जी 'रिकाम्या जागांची साखळी' ही कल्पना वापरली जात होती, ती त्यांनी या खेकड्यांना लावून पाहिली आणि ती तंतोतंत लागू पडली. किनाऱ्यावर एक मोठा रिकामा शंख आला की सर्वात मोठा खेकडा त्यात जातो, त्याचा शंख पुढच्याला मिळतो आणि अशा रीतीने एका शंखामुळे अनेकांची घरं बदलतात. काही वेळा तर खेकडे आकारानुसार ओळीत उभे राहतात आणि काही क्षणांत सगळी अदलाबदल पार पडते.

टँकमध्ये ही साखळी चालू राहायला बाहेरून येणारे रिकामे शंख लागतात, आणि ते फक्त मालकच देऊ शकतो. शंख दिले नाहीत की मारामाऱ्या ठरलेल्या. हल्ला करणारा खेकडा आपला शंख समोरच्याच्या शंखावर पुन्हा पुन्हा आपटतो. समोरचा थकला की त्याला बाहेर खेचलं जातं. बाहेर पडलेला उघडा खेकडा मग टँकमधल्या माशांची सहज शिकार ठरतो.

आता एकेका पाहुण्याची ओळख करून घेऊ. आधी ठेवता येण्याजोगे, मग जपून ठेवावे लागणारे आणि शेवटी दुरूनच बघावेत असे.

१. स्कार्लेट हर्मिट: तुलनेसाठी पहिला

शास्त्रीय नाव पॅग्युरिस्टिस कॅडेनाटी. हा कॅरिबियन परिसरातला छोटा खेकडा. लालभडक पाय आणि पिवळे डोळे ही त्याची ओळख. या यादीत तो सर्वात 'साधा' असेल, पण बाकीच्यांना मोजायची पट्टी म्हणून उपयोगी आहे. आकार लहान, स्वभाव तुलनेने शांत आणि शेवाळ खाण्याची आवड. पहिल्यांदा हर्मिट क्रॅब ठेवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

२. इलेक्ट्रिक ब्लू हर्मिट: रंग देखणा, नजर गोगलगायींवर

कॅल्सिनस एलिगन्स हा हिंद आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांवर आढळतो. गडद पायांवर झळाळते निळे पट्टे आणि नारिंगी स्पर्शिका. फोटोत पाहून सर्वाधिक लोक याच्याच प्रेमात पडतात. हा शेवाळ चांगलं खातो, पण स्कार्लेटपेक्षा मोठा आणि जास्त दांडगा असतो. गोगलगायी असलेल्या टँकमध्ये त्याला ठेवायचं तर एक-दोनच ठेवावेत, वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख द्यावेत आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा थोडं मांसाहारी खाद्य टाकावं.

३. हॅलोविन हर्मिट: चपट्या अंगाचा आणि अरुंद दाराचा

सिलिओपॅग्युरस स्ट्रिगॅटसच्या पायांवर नारिंगी-लाल आणि पिवळ्या रंगाची आळीपाळीने कडी असतात, म्हणून हे नाव. पण याची खरी गंमत त्याच्या अंगात आहे. हा खेकडा कोन शंखात राहतो. कोन शंखाचं तोंड गोल नसतं, ती एक लांबट अरुंद फट असते. साधा हर्मिट क्रॅब तिच्यात शिरूच शकत नाही. हॅलोविन हर्मिटचं अंग मात्र पत्र्यासारखं चपटं असतं, त्यामुळे इतरांना नको असलेलं घर त्याला आयतं मिळतं.

ही गोष्ट माहीत नसली की मालक चूक करतो. गोल तोंडाचे दहा शंख टँकमध्ये टाकले तरी या खेकड्याला त्यांचा उपयोग नसतो. त्याला कोन शंखच लागतात, तेही आत्ताच्या शंखापेक्षा थोडे मोठे. ते मिळवून देता आले, तर वेगळेपण आणि टँकमधली सुरक्षितता यांचा सर्वात चांगला मेळ याच खेकड्यात आहे. गोगलगायींकडे लक्ष मात्र याच्याही बाबतीत ठेवावं लागतं.

४. ॲनिमोन हर्मिट: अंगरक्षक पाठीवर घेऊन फिरणारा

डार्डॅनस पेडन्क्युलेटस हा आपल्या शंखावर समुद्रपुष्पं लावून फिरतो. कॅलिॲक्टिस पॉलिपस नावाची ही समुद्रपुष्पं म्हणजे जिवंत प्राणी आहेत. डिवचलं की त्यांच्यातून दंश करणारे धागे बाहेर येतात. हर्मिट क्रॅबचा मोठा शत्रू म्हणजे ऑक्टोपस. शंखावर समुद्रपुष्पं असली की ऑक्टोपस त्या खेकड्याच्या वाटेला जात नाही, हे डोनाल्ड रॉस यांनी १९७१ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं. बदल्यात समुद्रपुष्पाला फिरती जागा आणि खेकड्याच्या ताटातलं उष्टं मिळतं.

सगळ्यात पाहण्यासारखा प्रसंग म्हणजे याचं घर बदलणं. नव्या शंखात गेल्यावर खेकडा जुन्या शंखाकडे परत येतो, समुद्रपुष्पाला पायांनी आणि नांग्यांनी थोपटतो, कुरवाळतो. एरवी ओढून न निघणारं समुद्रपुष्प आपली पकड सैल करतं. मग तो ते उचलून नव्या शंखावर बसवतो. बिऱ्हाड हलवताना तुळशीचं वृंदावन सोबत नेणाऱ्या घरासारखंच हे.

टँकच्या दृष्टीने मात्र इथे दोन अडचणी आहेत. एक, डार्डॅनस गटातले खेकडे दणकट शिकारी असतात. गोगलगायी, किडे, लहान खेकडे आणि रात्री तळाशी झोपलेले छोटे मासे त्यांच्या तावडीत सापडू शकतात. दोन, इथे तुम्ही एक नाही, दोन प्राणी पाळता. समुद्रपुष्पालाही खायला लागतं आणि पाण्याचा दर्जा राखावा लागतो. त्यामुळे प्रवाळांच्या टँकऐवजी याला स्वतंत्र टँक देणं उत्तम.

५. स्टॅगहॉर्न हर्मिट: शिंगांच्या घरातला

मॅनुकॉम्प्लॅनस व्हेरिअन्स हा मेक्सिकोच्या पश्चिमेकडच्या कॅलिफोर्नियाच्या आखातापासून पनामापर्यंतच्या समुद्रात सापडतो. त्याच्या पाठीवर शंख नसतो, तर हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेली वस्तू दिसते. सुरुवात एका लहान शंखापासून होते. त्या शंखावर जनेरिया मिराबिलिस हा हायड्रॉइड प्राण्यांचा समूह वाढतो आणि आपला कडक सांगाडा बाहेरच्या बाजूला वाढवत नेतो. घरच मोठं होत जात असल्यामुळे खेकड्याला पुन्हा पुन्हा घर शोधावं लागत नाही.

हा खेकडा आकाराने लहान असतो आणि इतरांना फारसा त्रास देत नाही. प्रश्न घराचा आहे. हायड्रॉइड मेले की घराची वाढ थांबते आणि उरतो फक्त सांगाडा. त्या जिवंत थराला पाण्यात तरंगणारं बारीक खाद्य लागतं. शिवाय त्या फाट्यांमुळे खेकडा दगडांच्या बेचक्यांत अडकतो. मोकळी वाळू असलेला शांत टँक आणि नियमित खाद्य देण्याची तयारी असेल, तरच याच्या वाटेला जावं.

६. पॅग्युरिटा: न चालणारा हर्मिट क्रॅब

हर्मिट क्रॅब म्हटलं की फिरणारा शंख डोळ्यांसमोर येतो. पॅग्युरिटा गटातले खेकडे मात्र फिरतच नाहीत. जिवंत प्रवाळात नळी करून राहणारे किडे मेले की त्या रिकाम्या नळीत हे इवलेसे खेकडे कायमचा मुक्काम ठोकतात. बाहेर दिसतात ते फक्त डोळे, नांगी आणि पिसासारख्या दोन स्पर्शिका. या स्पर्शिका पाण्यात फिरवून ते वाहत येणारं प्लवक गाळून खातात. मासेमारीचं जाळं टाकून एका जागी बसलेल्या कोळ्यासारखं.

हे खेकडे कुणालाही त्रास देत नाहीत. पण त्यांना उपाशी ठेवणं फार सोपं आहे. फिरून अन्न शोधता येत नसल्यामुळे अन्न त्यांच्यापर्यंत पोहोचवावं लागतं, तेही बारीक आणि वारंवार. दुसरं म्हणजे ते प्रवाळासकटच विकत घ्यावे लागतात. ते प्रवाळ मेलं की त्यावर शेवाळ आणि इतर जीव चढतात आणि नळीचं तोंड बुजू शकतं.

७. व्हाइट स्पॉटेड हर्मिट: लहानपणी गोंडस, मोठेपणी दरोडेखोर

डार्डॅनस मेजिस्टॉस लाल रंगाचा असतो आणि अंगभर काळ्या कडेचे पांढरे ठिपके असतात. लहान असताना तो इतका देखणा दिसतो की दुकानात हात आपोआप त्याच्याकडे जातो. पण हा जगातल्या मोठ्या सागरी हर्मिट क्रॅबपैकी एक आहे. पूर्ण वाढ झालेल्या खेकड्याला मोठ्या समुद्री गोगलगायींचे शंख लागतात. तो प्रवाळांचे तुकडे उलथवतो, दगड सरकवतो आणि तावडीत सापडेल ते खातो. रीफ टँकसाठी याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. फक्त त्याच्यासाठी मोठा टँक ठेवणार असाल तरच विचार करा.

हे खेकडे फोटोतच बरे

काही हर्मिट क्रॅब इतके विलक्षण आहेत की त्यांची माहिती असायलाच हवी, पण टँकमध्ये त्यांना जागा नाही.

पहिला ब्लँकेट हर्मिट, पॅग्युरॉप्सिस टिपिका. हा शंख वापरतच नाही. एक समुद्रपुष्प तो पाठीवर गोधडीसारखं धरून ठेवतो आणि धोका दिसला की डोक्यावरून ओढून घेतो. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजाच्या सागरी मोहिमेत गोळा केलेल्या नमुन्यांवरून जॉन हेंडरसन यांनी १८८८ मध्ये त्याचं वर्णन केलं. हेच हेंडरसन पुढे अनेक वर्षं मद्रासमध्ये प्राध्यापक होते. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं या खेकड्याला एकच प्रजाती मानलं जात होतं. २०१८ मध्ये राफाएल लेमेत्र, द्वी लिस्त्यो राहायू आणि तोमोयुकी कोमाई यांनी जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा या गटात पाच नव्या प्रजाती निघाल्या. ज्यांची नीट ओळखच आत्ता पटते आहे, त्यांना टँकमध्ये जगवण्याचं गणित कुणाकडे असणार?

दुसरा डायोजेनिस हेटेरोसॅमिकोला. जपानच्या अमामी बेटांजवळ सापडलेल्या या खेकड्याचं वर्णन क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये केलं. हा 'चालणाऱ्या प्रवाळा'त राहतो. एरवी या छोट्या प्रवाळाच्या तळाशी एक किडा राहतो आणि त्याला वाळूतून ओढत नेतो. इथे त्या किड्याची जागा खेकड्याने घेतली. प्रवाळ वाढतं तसं घरही वाढतं आणि प्रवाळ उलटलं किंवा गाळात रुतलं तर खेकडा त्याला बाहेर काढतो.

तिसरा कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावरचा कँडी स्ट्राइप्ड हर्मिट. पांढऱ्या-लाल पट्ट्यांचा हा चिमुकला खेकडा पाण्याखालच्या छायाचित्रकार एलन म्युलर यांच्या नजरेला पडला. २०१७ मध्ये लेमेत्र यांनी त्याला नाव दिलं, तेव्हा म्युलर यांची नात मॉली हिचं नाव त्यात गुंफलं. हे खेकडे मोरे ईल राहतात त्या कपारींमध्ये दिसतात. एक खेकडा तर ईलच्या अंगावर फिरताना दिसला होता. तो तिथे सफाई करतो का, हा अभ्यासाचा विषय आहे.

घरी आणण्यापूर्वी टँकमध्ये काय हवं?

पाणी: खारटपणा हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६, आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे तापमान राखायला बहुतेक ठिकाणी चिलर लागतो.

तांबं अजिबात नको: माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं असलेली औषधं वापरतात. माशाला बरं करणारं तेच औषध खेकड्याला, गोगलगायीला आणि प्रवाळाला मारतं. आजारी माशाचा उपचार वेगळ्या टाकीतच करावा.

पाण्याची सवय: पिशवीतून थेट टँकमध्ये सोडू नका. सलाइनसारख्या नळीने टँकचं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात सोडत तास-दीड तास द्या. खारटपणातला अचानक बदल हे नव्या खेकड्याच्या मृत्यूचं मोठं कारण असतं.

शंख: प्रत्येक खेकड्यामागे किमान दोन-तीन रिकामे शंख ठेवा. ते आत्ताच्या शंखापेक्षा थोडे मोठे आणि त्याच जातीच्या तोंडाचे असावेत. टाकण्याआधी उकळून घ्या. रंगवलेले किंवा वॉर्निश केलेले शंख टाकू नका.

खाणं: शेवाळ पुरेल या भरवशावर राहू नका. वाळवलेलं समुद्री शेवाळ, बुडणाऱ्या गोळ्या, कोळंबीचा बारीक तुकडा असं आलटून पालटून द्या. उरलेलं अन्न काढून टाका.

कात: एके दिवशी टँकच्या तळाशी मेलेला खेकडा दिसेल. घाबरून जाऊ नका. तो पोकळ आणि पारदर्शक असेल तर ती कात आहे. खरा खेकडा कुठेतरी लपून नवं कवच घट्ट व्हायची वाट पाहत असतो. या दिवसांत तो सर्वात असुरक्षित असतो. त्याला शोधायला दगड उचलू नका.

कोकणातल्या किनाऱ्यावरून आणला तर?

हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. ओहोटीच्या वेळी मुंबईपासून मालवणपर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यांवर, पाण्याच्या डबक्यांत, क्लिबॅनेरियस आणि डायोजेनिस या गटांतले हर्मिट क्रॅब सहज दिसतात. मग विकत कशाला घ्यायचा?

एक कारण प्राण्याचं आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला खेकडा बदलतं तापमान, बदलता खारटपणा आणि रोज दोनदा येणाऱ्या ताज्या अन्नावर जगतो. रीफ टँकमधलं स्थिर आणि स्वच्छ पाणी त्याच्यासाठी घर नाही. शिवाय त्याच्यासोबत परजीवी आणि किनाऱ्यावरचं प्रदूषणही टँकमध्ये येतं.

दुसरं कारण कायद्याचं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतातल्या सर्व खडकी प्रवाळांना संरक्षण आहे. २००१ मध्ये ती या यादीत आली. हॉर्न्ड हेल्मेटसारखे काही शंखही याच कायद्याखाली येतात. जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबच्या कुळातला महाकाय नारळ खेकडाही संरक्षित आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आहे. त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा किंवा ओळख न पटलेला शंख उचलून टँकमध्ये टाकणं अंगाशी येऊ शकतं. परदेशातून येणाऱ्या खडकी प्रवाळांच्या व्यापारालाही आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आणि कागदपत्रं लागू आहेत. पॅग्युरिटासारखा खेकडा प्रवाळासकट घेताना हे विचारायलाच हवं.

किनाऱ्यावरून रिकामा शंख उचलताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्यासाठी ती आठवण असते. तिथल्या एखाद्या खेकड्यासाठी, आणि त्याच्यामागे रांगेत असलेल्यांसाठी, ते घर असतं.

दुकानातला खेकडा येतो कुठून?

क्लाउनफिश आज मोठ्या प्रमाणावर टाक्यांमध्ये पैदास करून विकला जातो. हर्मिट क्रॅबचं तसं नाही. त्यांची पिल्लं जन्मल्यावर काही आठवडे प्लवकात तरंगतात, अनेक अवस्थांमधून जातात आणि मगच तळाशी येऊन पहिला शंख शोधतात. टाकीत हे सगळं घडवून आणणं किचकट आणि खर्चिक आहे. त्यामुळे दुकानातला जवळजवळ प्रत्येक हर्मिट क्रॅब समुद्रातून पकडलेला असतो.

याचा परिणाम काय होतो? अँड्र्यू ऱ्हाइन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या शोभेच्या सागरी जिवांच्या व्यापाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथला व्यवसाय आधी मुख्यतः रंगीत माशांचा होता. रीफ टँकची लाट आल्यावर तो शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि हर्मिट क्रॅबकडे वळला. म्हणजे टँक साफ ठेवणारे जीव समुद्रातून उचलले जाऊ लागले. ते तिथेही शेवाळ खाण्याचंच काम करत होते. खऱ्या प्रवाळावरचं शेवाळ मग कोण खाणार, हा त्या अभ्यासातला कळीचा मुद्दा.

आणि खेकड्याला काही कळतं का? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड आणि मिरियम ॲपेल यांनी हर्मिट क्रॅबना शंखाच्या आत सौम्य विजेचे झटके देऊन पाहिले. नावडत्या शंखातले खेकडे कमी तीव्रतेच्या झटक्यालाही बाहेर पडले, तर आवडत्या शंखातले जास्त सोसत आत राहिले. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाच्या पसंतीने फरक पडला नसता. खेकडा वेदना आणि घर यांचा तोल सांभाळत होता, असं २००९ च्या या संशोधनातून दिसलं. ब्रिटनने २०२२ मध्ये प्राण्यांच्या संवेदनशीलतेविषयी केलेल्या कायद्यात खेकडे, कोळंबी आणि शेवंड यांच्या गटाचा समावेश केला.

थोडक्यात

पहिला हर्मिट क्रॅब घेत असाल, तर स्कार्लेट.

काहीतरी वेगळं हवं असेल आणि कोन शंख मिळवण्याची तयारी असेल, तर हॅलोविन.

रंग हवा असेल आणि गोगलगायींवर लक्ष ठेवता येत असेल, तर एखादा इलेक्ट्रिक ब्लू.

स्वतंत्र टँक आणि रोजचा वेळ असेल, तर ॲनिमोन किंवा स्टॅगहॉर्न.

पॅग्युरिटा फक्त अनुभवी लोकांनी आणि कागदपत्रं पाहूनच घ्यावा.

व्हाइट स्पॉटेड रीफ टँकमध्ये नकोच. ब्लँकेट, चालणाऱ्या प्रवाळातला आणि कँडी स्ट्राइप्ड समुद्रातच राहू द्यावेत.

दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: याचं पुढचं घर कुठलं, आणि शेवाळ संपल्यावर हा काय खाणार? उत्तर मिळालं नाही, तर तो खेकडा कितीही सुंदर असला तरी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.